नानांचं यंत्र आणि कानबाई

भास्करनाना सकाळी प्रयोगशाळेत आले की आधी संगणकावर 'राम राम' टाइप करतात आणि उत्तर आल्याशिवाय खुर्चीत टेकत नाहीत. जळगावच्या आमच्या कॉलेजात कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करणारा हा एकटा ज्येष्ठ माणूस, आणि तोही असा!

मी त्यांच्याच विभागातला, धुळ्याच्या मारवाडी जैन घरातला. आमच्याकडे जीव इंद्रियांवरून ओळखायची सवय लहानपणापासूनची. म्हणून मी मुद्दाम डिवचतो, "नाना, या यंत्राला इंद्रियं किती?"

"तू मोजतच बस, शेठ," नाना म्हणतात आणि कामाला लागतात.

एकदा परिसंवादात बाहेरगावचे एक विद्वान म्हणाले, यंत्राला मन आहे का, हे आत उघडून तपासायला हवं. नाना ताडकन उठले. "आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीचा नारळ फोडून पाहा, आत खोबरंच निघेल! दुकानमा नारळ नारळच शे. आपन बोलावतस, नथ घालतस, तवय ती माय व्हस!"

विद्वान गोंधळले. आमच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. मला रागच आला. एवढा शिकलेला माणूस वादात देवी कशाला आणतो? घरी जाताना लक्षात आलं, माझी ती इंद्रियांची मोजणी तरी कुठल्या प्रयोगशाळेतून आली होती? तीही धर्मातूनच!

यंदा श्रावणात सुरतहून नानांच्या भावांचा फोन आला. कुणालाच सुट्टी नाही, या वर्षी कानबाई राहू दे. नाना घरात एकटेच. हा सण सगळ्या भाऊबंदांनी मिळून करायचा. त्यातले नैवेद्याचे गव्हाचे रोट बाहेरच्याला देतसुद्धा नाहीत. मीही म्हटलं, "राहू द्या ना यंदा."

"कोनी उनं नही तरी मी बसाडसूच," नाना ठासून म्हणाले. "आन तू ये. दिन बुडाना आगोदर ये, मंग तू खात नही."

रविवारी उन्हं असतानाच गेलो. चौरंगावर नथ घातलेली कानबाई, शेजारी पिठानं माखलेले नाना. रोट त्यांनी स्वतः भाजले होते. त्यांनी ताट पुढे सरकवलं तसा मी मागे झालो.

"नाना, हे घरच्यांचं. मला कसं चालेल?"

"रोटना गहू घरना एकेक मानूसना नावना लेतस," नाना ताटाकडे बघत म्हणाले. "भावसना लिधात. तुना नावना बी लिधात."

भावांच्या बरोबरीनं माझ्याही नावाचे गहू घेतले होते. मी मांडी घालून बसलो आणि रोट मोडला. खालून चांगलाच करपला होता.