निवड झाल्याबद्दल

कुणालीला नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा मी घरात एकच गोष्ट ठरवली. निवड होईपर्यंत ही बातमी उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. एवढंच. यात माझं काय चुकलं, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगावं. मी ऐकून घ्यायला तयार आहे. (आमची ही म्हणते, मी ऐकून घेत नाही. तो एक वेगळाच आरोप आहे.)

कुणाली आमची एकुलती एक. बी.एस्सी. झाली आणि घरी बसली. आमच्या किन्हवलीत मुलगी शिकून घरी बसली की लोकांना स्वस्थ बसवत नाही. माझा मेव्हणा धर्मा तर मुरबाडहून एक स्थळ खिशात घेऊनच फिरत होता. मुलाच्या चार पोल्ट्र्या. "पोरगी अंड्यांत लोळंल, भावजी," असं तो चारचौघांत सांगायचा. कुणालीने मला बाजूला घेऊन विचारलं, "पप्पा, नोकरी लागली तर थांबवाल ना हे?" मी शब्द दिला. नोकरी लागली तर कोंबडीवाला गेला, नाही लागली तर दिवाळीनंतर बघण्याचा कार्यक्रम. अशात वाशिंदच्या एका औषधाच्या कंपनीतून क्वालिटी विभागासाठी बोलावणं आलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे तयारीला जेमतेम आठवडा.

मी लगेच तयारी हातात घेतली. ओटीवर खुर्ची टाकली, चष्मा लावला आणि कुणालीला दाराबाहेर उभं केलं.

"मे आय कम इन, सर?"

"कम इन. बसा. वडील काय करतात?"

"सरकारी कार्यालयात आवक-जावक बघतात."

"बघतात म्हणजे? नुसते बघतात? कार्यालयाचा कणा आहेत, असं सांग."

"पप्पा, मुलाखत माझी हाये का तुमची?"

राही, म्हणजे कुणालीची आई, आत वाल सोलत बसली होती. तिथूनच बोलली, "अहो, तुमी तरी कदी दिली मुलाखत? मामंजी वारले आन त्यांच्या जागेवर तुमाला बसवला."

(याला अनुकंपा तत्त्व म्हणतात. सरकारी शब्द आहे. त्यात सोलायला बसण्यासारखं काही नाही.)

मी तिकडे दुर्लक्ष करून पुढचा प्रश्न टाकला. "तुमच्या स्वभावातला सर्वांत मोठा दोष?"

"मला राग लवकर येतो, सर."

"हा कोणावरून आला?"

आतून वालाच्या टोपलीसकट हसण्याचा आवाज आला. मी मुलाखत तिथेच तहकूब केली.

आता खरा प्रश्न होता सोमवारी जायचं कसं. कुणालीचा ड्रेस पांढरा, आणि किन्हवलीहून सुटणाऱ्या यष्टीत काय नि माझ्या स्कूटरवर काय, पांढरं घालून बसलेला माणूस शहापूरला धुळीने तांबडा होऊन उतरतो. धर्माकडे गाडी आहे. गाडी मागायची तर कारण सांगावं लागणार, म्हणून नाइलाजाने मी त्याला फोन केला. आता मेव्हणा म्हणजे घरचाच माणूस, तो काही उंबऱ्याबाहेरचा नाही. मी म्हणालो, "धर्मा, वाशिंदच्या कंपनीत कुणालीचं सिलेक्शन झालंय—"

पुढचे शब्द होते 'मुलाखतीसाठी'. ते मी उच्चारले. स्पष्ट उच्चारले. पण धर्मा तेव्हा मुरबाडच्या पुढे कुठल्यातरी डोंगराआड होता. "सिलेक्शन झाला? आयला! भावजी, बाकी माझ्यावर सोडा," एवढं मला ऐकू आलं आणि फोन बंद पडला.

आता कोणी म्हणेल, पुन्हा फोन का नाही केला? एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची मला सवय नाही. मी सरकारी नोकर आहे.

रविवारी सकाळी मी नारळ आणायला स्टँडकडे गेलो. वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस पेढे मागत होता. नारळ हातात घेतला, आणि कशाचे पेढे, हे विचारायच्या आत मान वर गेली आणि मला ते दिसलं.

आमच्या भागात बॅनर कशाचा लागत नाही? वाढदिवसाचा लागतो, बारशाचा लागतो, नवा ट्रॅक्टर घेतल्याचा लागतो. पण न लागलेल्या नोकरीचा बॅनर मी प्रथमच पाहत होतो. 'वाशिंद येथील नामांकित कंपनीत ऑफिसर पदी निवड झाल्याबद्दल कु. कुणाली ज्ञानेश्वर वेखंडे हिचे हार्दिक अभिनंदन!' कुणालीचा फोटो दहावीतला, दोन वेण्यांचा. तिच्या तिप्पट मोठा धर्मा, गॉगल लावून, मोबाइल कानाला. 'शुभेच्छुक : युवा नेतृत्व मा. धर्माशेठ व मित्रमंडळ.' खाली लहान लहान गोलांत मित्रमंडळ, आणि त्या मित्रमंडळात शेवटून दुसरा मी! जन्मदाता बाप, मित्रमंडळात! फोटो कुठला, तर भाचीच्या हळदीतला. गालांना हळद, डोळे मिटलेले आणि खांद्यावर कुणाचातरी तोडून घेतलेला हात.

मी तिथूनच धर्माला फोन लावला. या वेळी रेंज उत्तम होती.

"धर्मा, अरे निवड झालेली नाही! उद्या मुलाखत आहे!"

"मंग एक दिवसानं काय फरक पडतो, भावजी?"

"आणि नाही झाली तर?"

"तर नाय झाली. बॅनर काय कोर्टात दाखवायचाय? आमाला ग्रामपंचायतीला उभं राहायचंय, लोकांसमोर चेहरा नको जायला?"

"किती लावलेस?"

"चारच. किनवलीला, शापूरच्या स्टँडला, मुरबाडच्या नाक्यावर. आन मेन बोलशाल तर कंपनीच्या गेटसमोर. साहेब लोकांनी येता-जाता बघायला नको? वजन पडतं."

माझ्या हातातला नारळ खाली पडला. (फुटला नाही. तोसुद्धा माझ्या उपयोगाचा निघाला नाही.)

"तो आत्ताच्या आत्ता काढ! आणि उद्या मुलाखतीला गाडी घेऊन ये!"

"भावजी, लावायला पोरं भेटतात. काढायला कोण नाय भेटत. आन उद्या गाडीचं जमत नाय बरं का, मला टिटवाळ्याला साखरपुडा हाये."

घरी येऊन मी सगळं सांगितलं. राही डोक्याला हात लावून बसली. कुणाली मात्र वहीतून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, राहू दे. मी बघते काय बोलायचं ते." हेच मला आवडत नाही. घराला आग लागली असताना मुलगी म्हणते राहू दे! साहेबांनी तो बॅनर बघितला असता तर पोरीला दारातूनच परत पाठवलं असतं, आणि दिवाळीनंतर ती चार पोल्ट्र्यांत अंडी मोजत बसली असती. मी शब्द दिला होता. मी कोयता वर्तमानपत्रात गुंडाळला, स्कूटर काढली आणि थेट वाशिंद गाठलं.

कंपनीच्या गेटसमोर, रस्त्याच्या अलीकडे, करंजाच्या दोन झाडांमध्ये बॅनर ताणून बांधलेला होता. रविवार, भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी झाडावर चढलो. लहानपणी चढायचो तेव्हा झाडं जरा बुटकी होती, की माझं वजन कमी होतं, देव जाणे. कोयत्याने पहिली दोरी तोडली. बॅनर वाऱ्याने गर्रकन फिरला, कुणाली आणि अभिनंदन खाली लोंबायला लागलं, आणि वर राहिला फक्त गॉगलवाला धर्मा. त्याला बघून माझं डोकं आणखी फिरलं.

तेवढ्यात गेटवरून आवाज आला, "ए! कोन रे तिकडं? काय करतोस झाडावर?"

आता खाली उतरून शांतपणे सांगता आलं असतं, हे मला राहीने नंतर पुष्कळदा सांगितलं आहे. पण 'ए' म्हणजे काय? आणि 'कोन रे' म्हणजे काय? मी फांदीवरूनच ओरडलो, "हा बॅनर खोटा आहे! या मुलीची इथे निवड झालेली नाही! आणि मी हे असं होऊ देणार नाही!"

(बोलताना कोयत्याचा हात जरा वर गेला असेल. माणूस बोलताना हातवारे करतो.)

वॉचमनने शिट्टी फुंकली. ती इतक्या जोरात फुंकण्याचं काही कारण नव्हतं. मी उतरलो, शर्टाचा अर्धा भाग करंजावर ठेवला आणि स्कूटरवर बसून निघालो. याला लोक पळणं म्हणतात. बॅनर होता तिथेच, एका दोरीवर लोंबत.

सोमवारी राहीने मला घराबाहेर पडू दिलं नाही. "तुमी वाशिंदच्या दिशेनं तोंड पन करायचं नाय," असं म्हणून तिने माझ्या चपला उचलून माळ्यावर टाकल्या. कुणाली पांढऱ्या ड्रेसवर आईची जुनी ओढणी गुंडाळून एकटीच यष्टीने गेली. मी ओटीवर येरझाऱ्या घातल्या, अनवाणी. पोरीच्या आयुष्याचा निकाल लागत होता आणि कार्यालयाचा कणा घरात वाल निवडत होता.

दुपारी कुणाली परत आली. ओढणी तांबडी, ड्रेस पांढरा. आत येऊन आधी पाणी प्यायली, मग म्हणाली, "घेतलं मला."

राहीने तिला जवळ घेतलं आणि रडायलाच लागली. पोरीचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. कोंबडीवाला गेला! मी शब्द पाळला! (पाळला तिने, पण दिला मी होता.) मग मी विचारलं, "बॅनरचं निघालं का काही?"

"पहिलंच निघालं. मॅडम बोलल्या, आम्ही तुमची निवड कधी केली ते आम्हालाच कळलं नाही."

"मग? तू काय म्हणालीस?"

"खरं ते सांगितलं. मॅडम, आमच्याकडं म्हशीला रेडकू झालं तरी बॅनर लागतो. मामाला निवडणूक लढवायची हाये, मी फक्त निमित्त. तुमी मला कामाचं विचारा. त्या इतक्या हसल्या! मग कामाचंच विचारलं, ते मला सगळं आलं."

इतकं सोपं होतं तर मला आधी का नाही सांगितलं? मी हे विचारणार, तेवढ्यात ती हसू दाबत म्हणाली, "मग शेवटी त्यांनी मला एक फोटो दाखवला. गेटच्या कॅमेऱ्यातला. मॅडम बोलल्या, हा इसम काल कोयता घेऊन झाडावर चढून तुमच्या निवडीला विरोध करत होता. याला ओळखता?"

"आणि तू...?"

"बोलले, नाही ओळखत."

"सख्ख्या बापाला!"

"त्यांनी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? मी बोलले, मॅडम, अशी माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांना वाटतं आपण भल्यासाठीच करतोय. आपण आपलं काम करत राहायचं. त्यावर त्या बोलल्या, आम्हाला अशीच मुलगी पाहिजे."

मी संतापाने उभा राहिलो. राही पदराने डोळे पुसत म्हणाली, "मंग काय सांगायचं होतं तिनं? झाडावरचा माझा बाप हाये?"

बरं, आता निवड खरोखर झाली म्हटल्यावर धर्माने निदान एक बॅनर खरा लावावा की नाही? तो म्हणाला, "भावजी, एकाच गोष्टीचे दोन बॅनर बरं नाय दिसत." या माणसाला मत कोण देणार आहे, ते मला बघायचं आहे.

पुढच्या महिन्यात कुणाली कामावर रुजू झाली. आणि दुसऱ्याच आठवड्यात डबा घरी विसरून गेली. राही वालाच्या शेतावर गेलेली, म्हणून मीच डबा घेऊन निघालो. बापाने मुलीला डबा द्यायला कोणाची परवानगी लागत नाही, असं माझं मत होतं.

गेटवर तोच वॉचमन. सुदैवाने त्याने मला ओळखलं नाही. मी वेखंडे मॅडमचा बाप म्हटल्यावर तर त्याने केबिनमधली खुर्ची पुढे केली, चहा मागवला. मी बसलो आणि समोरच्या भिंतीवर मीच होतो. कॅमेऱ्यातला फोटो मोठा करून लावलेला. झाडावरचा. खाली लिहिलेलं, 'या इसमास आत सोडू नये.'

"नीट बघून ठेवा, काका," वॉचमन म्हणाला. "तुमच्या पोरीच्या वाईटावर हाये हा. कदी दिसला तर मला सांगा."

मी चहा गिळला. "हो, हो," म्हणालो.

"पन लई भित्रा. मी नुसती शिट्टी मारली तर अर्धा शर्ट टाकून पळाला."

मी आणखी एक घोट घेतला.

"आन तोंड बघा त्याचं. याला घरात तरी कोन इचारीत असंल काय?"

माणसाने सहन तरी किती करायचं? मी ताडकन उठलो. "तोंड सांभाळून बोल! तो मी आहे!"

वॉचमनने फोटो बघितला. मला बघितलं. मग माझ्या हातातला चहाचा कप हळूच काढून घेतला, मला केबिनच्या बाहेर गेटजवळ उभं केलं आणि आत फोन लावला. "वेखंडे मॅडम, हितं एक माणूस आलाय. बोलतो मी मॅडमचा बाप. आन बोलतो, फोटोतला इसम पन मीच. काय करू?"

फोनमधला माझ्या मुलीचा आवाज मला तिथे, गेटजवळसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

"दादा, डबा आत पाठवा. बाकी जे लिहिलंय त्याप्रमाणे करा."