एकच शीट कमी हाय

बब्रुवान अण्णांनी मला फसवलं. माझे सख्खे साडू, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांनी मला फसवलं. आणि तेही घरापासून इतक्या लांब, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर, जिथं रागानं तरातरा निघून जायचं म्हटलं तरी आधी बोटीचं तिकीट काढावं लागतं. मी हे चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. हसा. पण पूर्ण ऐकून मग हसा.

मी मुरूमला जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. पंक्चरच्या दुकानात दुसऱ्याच्या चाकात हवा भरण्यापासून सुरुवात केली. वडिलांनी काही ठेवलं नव्हतं, सासऱ्यानं काही दिलं नाही. ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर मी आधी टायरला लाथ घालतो, मग मालकाच्या तोंडाकडं बघतो आणि मगच किंमत बोलतो. आजवर सौद्यात मला कोणी गंडवलेलं नाही. अशा माणसाला साडूनं गंडवावं, आणि तो साडूही असा की ज्याला बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा घासाघीस करून घेता येत नाही, हे जास्त झोंबतं.

अण्णा येरमाळ्याच्या चौकात असतात. तिथून काळ्या-पिवळ्या जीप सुटतात, कळंबला, बार्शीला, तेरखेड्याला. जीप अण्णांची नाही आणि गाडी चालवताही त्यांना येत नाही. ते फक्त गाडी भरून देतात. डोक्यावर उपरणं, हातात काही नाही, आणि आवाज असा की चौकातली कुत्री कुठली गाडी लागलीय ते ओळखतात. त्यांच्या भाषेत माणूस नसतो, शीट असतं. "ए मावशे, बार्शी न्हवं? ये लौकर, एकच शीट कमी हाय!" गाडीत चिटपाखरू नसतं तेव्हाही एकच शीट कमी असतं, आणि टपावर माणसं बसलेली असतात तेव्हाही एकच. शेवटचं माणूस आत कोंबलं की अण्णा मागच्या पत्र्यावर दोनदा हात मारतात. धाड धाड. पत्रा वाजला की गाडी सुटते आणि अण्णा रस्त्यावर राहतात. उभी हयात त्यांनी येरमाळ्याची माणसं जगाला लावून दिली, पण स्वतः त्या गाडीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

ही सवय चौकात ठेवून घरी यावं की नाही? नाही. आमच्या मुलाच्या, महेशच्या लग्नात पंगत बसली होती, वाढपी भात घेऊन उभे होते आणि अण्णा मांडवाच्या दारात. "थांबा थांबा, पंगतीला एकच शीट कमी हाय!" म्हणून त्यांनी रस्त्यानं चाललेल्या एका अनोळखी माणसाला हाताला धरून आणला आणि बसवला. तो आहेर कुणाला द्यायचा असं विचारत होता. त्यांना मूलबाळ नाही. घरी ती दोघंच. पण ताटावर बसण्याआधी अण्णा दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून येणार. शालनताई, म्हणजे त्यांच्या मंडळी, म्हणायच्या, "माजं लगीन उभ्या मानसाशी झालंय. बसा म्हनलं की दुसऱ्याला बसवतंय."

शालनताई दोन वर्षांमागं गेल्या. तेराव्याला सगळे पाहुणे जमले होते. जेवणं झाली आणि अण्णा उठले. कोण कुठल्या गावचं, कोण कुणाच्या गाडीत बसलं तर वाटेत उतरता येईल, हे सगळं त्यांनी लावलं. एकेक गाडी भरली, एकेकीचा पत्रा वाजवला. आमची गाडी शेवटची. सुमन, माझी बायको, रडत होती, "दाजी, दोन दिवस ऱ्हाऊ द्या मला." अण्णा म्हणाले, "पोरीची शाळा असंल महेशच्या. जावा." आणि धाड धाड. मी आरशात बघितलं तर रस्त्यावर ते एकटेच उभे होते आणि पुढच्या गाडीची वाट बघावी तसे उलट्या बाजूला बघत होते. पुढची गाडी नव्हती.

तर अंदमान. तिथं जायचं दोघी बहिणींनी मागंच ठरवलं होतं. त्यातली एक राहिली नाही, म्हणून मी विषय सोडून दिला होता. सुमननं सोडला नव्हता. म्हणाली, "दाजी येणार असतील तर मी येणार. न्हायतर तुमी जावा तुमच्या ट्रॅक्टरावर बसून." अण्णांना तयार करायला मला तीनदा येरमाळ्याला जावं लागलं. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, विमानात एकच शीट कमी आहे." तेव्हा आले.

बेटावर बोटीतून उतरलो तसे गाडीवाले मागं लागले. मी, सुमन, महेश, सूनबाई पल्लवी, नात चिऊ आणि अण्णा, अशी आम्ही सहा माणसं. मी एका मोठ्या गाडीच्या टायरला लाथ घातली. शंकर नावाचा ड्रायव्हर दचकला. मी भाव ऐकला, हसलो, चालू लागलो, परत बोलावल्यावर आलो, पुन्हा चालू लागलो. उन्हात पल्लवीचं तोंड लाल झालं, महेश म्हणाला, "पप्पा, द्या ना सोडून." मी सोडत नसतो. अखेर छोट्या गाडीच्या भावात मोठी गाडी मिळवली, मुक्काम असेपर्यंत दिवसभर आमच्याच दिमतीला. सगळे बसले, आणि तरी मागं दोन जागा उरल्या. मला वाटलं, ऐसपैस झालं.

अण्णांनी त्या दोन जागांकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. घरात दूध उतू जावं आणि कोणी उठत नसावं, तसा. पहिल्या वळणावर दोन बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या. अण्णांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आव भाभी, आव! कायकू धूप में खडे? एकच शीट कम है!" शंकरनं गाडी थांबवली कारण त्याला वाटलं आमच्या ओळखीच्या आहेत. बाया बसल्या कारण त्यांना वाटलं ही भाड्याची जीप आहे. अण्णा खाली उतरून दार लावून देतात, पत्रा वाजवतात आणि पळत येऊन शेवटच्या जागेवर चढतात. माझ्या घासाघिशीनं मिळवलेल्या गाडीत मी अंग चोरून बसलेला.

मग थांबायचं नावच नाही. शाळेतून सुटलेल्या मास्तरीणबाई बसल्या, नारळाचं पोतं घेतलेला एक म्हातारा बसला, हनिमूनला आलेलं एक जोडपं बसलं आणि त्यांच्यामध्ये अण्णांनी आणखी एक जण बसवला. कोणाकडून पैसे घेत नव्हते. घेतले असते तर मला निदान समजलं असतं. सगळ्यांना एकच विचारायचे, "गाव कौनसा? घर में कौन कौन है?" भाषा दोघांनाही अर्धीच कळायची, तरी उत्तरं यायची. उतरताना माणसं अण्णांचे हात हातात घ्यायची. माझ्याकडं बघून मात्र कोणी साधी मान हलवत नव्हतं.

समुद्राकडं अण्णांनी फारसं बघितलं नाही. आम्ही पाण्यात असायचो आणि ते गाड्या लावायच्या जागेत. तिसऱ्या दिवसापासून तिथले ड्रायव्हरच त्यांना शोधू लागले. "अण्णा साब, दो सवारी मिलेगा क्या?" आमच्या शंकरला तर इतकी सवय झाली की पत्रा वाजल्याशिवाय तो गिअरच टाकेना. मी "चलो" म्हटलं तरी आरशात बघत बसायचा.

एकदा रस्ता जिथं संपतो तिथं आम्ही पोचलो. पुढं वाळू, मग पाणी. अण्णांनी शंकरला विचारलं, "आगे कौनसा गाव?"

"आगे कुछ नहीं. समंदर."

"फिर गाडी आगे कहाँ जाती?"

"कहीं नहीं जाती. यहीं से वापस."

अण्णांनी मागं वळून आलेल्या रस्त्याकडं पाहिलं. मला म्हणाले, "बालाजीराव, ह्ये लई अवघड गाव हाय. हितं मानूस लावून द्यायला फुडं गावच न्हाय."

मुक्कामाची शेवटची संध्याकाळ होती. त्यांनी एका कोळिणीला टोपलीसकट गाडीत घेतलं. गाडी खड्ड्यात आदळली आणि माझ्या मांडीवर एक मासा आला. त्याचं नाव मला अजून माहीत नाही, तो मात्र मला ओळखत असल्यासारखा बघत होता. माझं डोकं फिरलं. मी गाडी थांबवून खाली उतरलो आणि ओरडलो, "अण्णा! ही गाडी मी माझ्या घरच्या माणसांसाठी ठरवलीय! ह्यापुढं घरची माणसं सोडून एक माणूस ह्यात बसला तर माझ्यासारखा वाईट नाही!"

चिऊ रडायला लागली. कोळीण उतरून गेली. अण्णा म्हणाले, "बरं."

एवढंच. मला वाटलं, सौदा जिंकला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच धक्क्यावर जायचं होतं. सगळे झोपेत, सामान मागच्या सीटवर रचलेलं. अण्णांनी एकेकाला बसवलं. सुमनच्या पाठीला उशी दिली, चिऊच्या चपला तिच्या पायाशी ठेवल्या, मला पुढं बसवून माझं दार लावलं. मग धाड धाड. शंकरनं गिअर टाकला. वाटेत कोणीच गाडीत चढलं नाही. गाडी शांत. मी मनात म्हटलं, सुधारले अण्णा.

धक्क्यावर सामान उतरवलं, तेव्हा मागच्या सीटवर कोणी नव्हतं. सुमन म्हणाली, "दाजी कुठायत?"

कोणाला माहीत नव्हतं. महेशला वाटलं बॅगांमागं झोपलेत. मला वाटलं महेशला माहीत असेल. सुमन माझ्याकडं अशी बघत होती की मला त्या माशाची आठवण झाली. मी शंकरला गाडी वळवायला सांगणार, इतक्यात एक छोटा टेम्पो आला. आत माणसं, केळीचे घड, दोन सायकली, आणि मागच्या फळीला धरून लटकलेले अण्णा, खांद्याला पिशवी. उतरले, टेम्पोचा पत्रा वाजवला आणि आमच्यापासून चार पावलं लांब, रांगेच्या शेवटी उभे राहिले. सोबत आलेला नव्हे, तर योगायोगानं त्याच बोटीला निघालेला माणूस उभा राहतो, तसे.

बोटीत त्यांनी आपली जागा एका लेकुरवाळीला दिली आणि बाहेर कठड्याला जाऊन उभे राहिले. मी मागं गेलो.

"अण्णा, हे काय वागणं? गाडीत का बसला नाहीत?"

"भरली व्हती."

"सामान रचूनही जागा उरली होती!"

"तुमीच म्हनलात न्हवं, घरच्या मानसांसाठी हाय. घरची समदी बसवली. एक बी कमी न्हवतं."

"आणि तुम्ही?"

ते पाण्याकडं बघत होते. आठवडाभरात पहिल्यांदाच बघत होते. "बालाजीराव, शालन व्हती तवर माजं शीट बूक व्हतं. आता म्या वाटंवरचं शीट. जागा असंल तर बसायचं, न्हायतर मागची गाडी. त्यात वाईट वाटून घ्यायचं काय? म्या धंदाच त्यो केलाय."

समोरच्यानं जास्त मागितलं तर मला कमी करता येतं. कमी दिलं तर वाढवून घेता येतं. पण समोरचा काही मागतच नसेल, तर बोलायचं कुठून? तेवढ्यात चिऊ आली आणि अण्णांच्या उपरण्याचं टोक धरून उभी राहिली. अण्णांनी तिला अलगद उचललं, आत नेलं आणि सुमनच्या शेजारी बसवलं. परत बाहेर आले.

त्याला आता बरेच महिने झाले. अण्णा मुरूमला आलेले नाहीत. दिवाळीला नाही, चिऊच्या वाढदिवसाला नाही. इकडं येणाऱ्या कुठल्यातरी ड्रायव्हरच्या हाती पेरू पाठवतात, गावदेवी येडेश्वरीचा प्रसाद पाठवतात. सुमन फोन करते तेव्हा म्हणतात, "येतो की. गाडी गावली की येतो." ज्या माणसाच्या डोळ्यांपुढून दिवसभर गाड्या सुटतात, तो म्हणतो गाडी सापडत नाही! आणि मी फोन घेतला की विचारतात, "घरची समदी बरी हायत न्हवं? कोन कमी न्हाय न्हवं?"

यालाच मी फसवणूक म्हणतो. गाडीत परकी माणसं बसवली ते मी सोडून दिलं. मासाही सोडून दिला. पण मी "घरची माणसं" म्हणालो, त्यात ते नाहीत असं मी म्हणालो होतो का? महेशला विचारा, शंकरला विचारा. रागात माणूस बोलतो, त्यातून हवा तो अर्थ काढून परस्पर नातं मोडायचं, हा कुठला व्यवहार? साडूपण काही त्यांच्या एकट्याचं नव्हतं. त्यात माझाही इसार पडलेला आहे. सौदा एकतर्फी मोडत नसतो, मोडायचा तर दुसऱ्या पार्टीला बोलवावं लागतं, समोर बसावं लागतं.

म्हणून येत्या रविवारी मी गाडी घेऊन येरमाळ्याला निघालोय. मागं सुमन, महेश, पल्लवी आणि चिऊ. पुढची जागा रिकामी. भर चौकात, काळ्या-पिवळ्यांच्या रांगेपुढं, मी गाडी आडवी लावणार आहे. मागं किती हॉर्न वाजायचेत ते वाजू द्या.

आणि अण्णा, तुम्हाला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागेल. कुणाला विचारून उतरलात? उत्तर मिळेपर्यंत ही गाडी तिथून हलणार नाही. आणि पत्रा वाजवायचाच असेल, तर आत बसून वाजवा.