शंभर भोकांचं गेज

"गुरुजी, तीनशे चाळीस पेपर म्हणजे काय ओ? दोन तासांचं काम हाय! सोडा माझ्यावर!"

हे वाक्य जोतीराम चौगुलेनं भर ऑफिसात, हेडमास्तर अण्णासो गुरुजींच्या टेबलावर थाप मारून उच्चारलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो आला होता पोरीचा दाखला न्यायला. पण समोर पेपरांचा ढीग आणि ढिगामागं गुरुजींचा पडलेला चेहरा बघून त्याला राहवलं नाही. जोतीरामला कुठंच राहवत नाही, हा त्याचा जुना आजार आहे.

गुरुजींची अडचण खरी होती. चौथीच्या स्कॉलरशिपची सराव परीक्षा झाली होती, आजूबाजूच्या सगळ्या शाळांची मिळून. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार गोल, बरोबर उत्तराचा गोल पेन्सिलनं काळा करायचा. निकाल दुसऱ्या दिवशी लावायचा होता, कारण पहिल्या येणाऱ्या एका मुलाला पन्हाळ्याच्या महिनाभराच्या शिबिरात जागा होती. एकच जागा! आणि मंगळवार पेठेत चौथीची स्कॉलरशिप म्हणजे पोरांची परीक्षा नसते, आईबापांची असते. पोरं फक्त पेपराला बसतात.

"दोन तासांत कसं होणार, जोतीराम?" गुरुजी म्हणाले.

"गेज करतो की!"

जोतीराम शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत माल तपासायला होता. तिथं प्रत्येक नगाला टेप लावत बसत नाहीत. मापाचं लोखंडी गेज असतं, ते लावायचं, बसलं की पास. नाही बसलं की नगावर लाल रंगाचा फटका आणि भंगारात रवानगी.

त्याच संध्याकाळी त्यानं नावाची कड सोडून पेपराच्या आकाराचा पत्रा कापला आणि जिथं जिथं बरोबर उत्तराचा गोल येतो, तिथं तिथं ड्रिलनं भोक पाडलं. शंभर उत्तरं, शंभर भोकं! पत्रा पेपरावर ठेवायचा, भोकातून काळं दिसेल तेवढे मार्क. गुरुजींनी पत्रा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाले, "जोतीराम, तुम्ही शिक्षणखात्यात पाहिजे होता!"

जोतीरामनं पण मनातल्या मनात ते मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. जोतीराम पत्रा ठेवायचा, भोकं मोजायचा, आकडा ओरडायचा, गुरुजी वहीत लिहायचे. "बेचाळीस! सदतीस! एकसष्ट!" मधे एक पेपर आला एक्क्याण्णवचा. तो संघप्रियाचा, म्हणजे पोस्टात काम करणाऱ्या मीनाबाईंच्या मुलीचा. "वाटलंच होतं," गुरुजी म्हणाले. "ही पन्हाळ्याला जाणार."

आणि मग तो पेपर आला. पत्रा ठेवला, बघतो तर सगळी भोकं काळी! जोतीरामनं दोनदा मोजली. शंभर! पेन्सिल अशी दाबून चालवलेली की कागद चकाकत होता. 'आत्मविश्वास म्हणतात तो ह्यो,' असं मनात म्हणून त्यानं कडेचं नाव वाचलं.

कु. शिवानी जोतीराम चौगुले.

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढचं काही दिसेना.

"आपली शिवानी?" गुरुजींनी चष्मा काढला. "जोतीराम, पाढे म्हणताना ती सतराच्या पुढं..."

"गुरुजी, गेज खोटं बोलत न्हाय!"

त्यानंतर जे झालं ते मंगळवार पेठेनं डोळ्यांनी पाहिलं. शनिवारी तीन किलो पेढे वाटले गेले. केरबा पेंटरनं कापडी बोर्ड रंगवला, 'शंभरपैकी शंभर! शिवानीचे हार्दिक अभिनंदन!', आणि तो बोळाच्या तोंडाशी टांगला. फौंड्रीत मालकानं स्वतः पाठ थोपटली. घरी बायकोनं, वर्षाराणीनं, जोतीरामनं शाळेतून घडी घालून आणलेला शिवानीचा पेपर तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि पन्हाळ्याच्या थंडीसाठी दोन स्वेटर काढले. शिबिराची जीप सोमवारी सकाळी सातला निघणार होती.

"तुमच्याच घराण्यात डोकं हाय असं न्हाय," ती जोतीरामला म्हणाली. "माझा भाऊ पण हुशार होता."

रविवारी सकाळी संघप्रिया दारात. हातात गुरुजींकडून मागून आणलेला स्वतःचा पेपर, दोन वेण्या, चेहरा शांत.

"काका, माझी नऊ उत्तरं कुठली चुकली ते बघायचं होतं. शिवानीचा पेपर जरा बघू देता?"

"बघ की बाळा! चांगल्याचं बघूनच माणूस शिकतं," असं म्हणत जोतीरामनं देव्हाऱ्यातली गुंडाळी काढली आणि पेपर टेबलावर पसरला. पत्र्याशिवाय, नीट उजेडात, पहिल्यांदाच!

पेपर तव्यासारखा काळा होता. पहिल्या प्रश्नाचे चारही गोल काळे. दुसऱ्याचे चारही. शंभराव्याचे पण चारही!

संघप्रियानं पेपराकडं बघितलं, मग काकांकडं बघितलं. ती नजर त्याला लागली.

"शिवाने!" जोतीराम ओरडला. "हे काय केलंयस?"

शिवानी पेढा खात बाहेर आली. "पप्पा, तुम्हीच सांगितलं नव्हतं व्हय? येऊ दे न येऊ दे, एक पण प्रश्न सोडायचा न्हाय. मला कुठला गोल बरोबर ते कळंना, म्हणून चारी केलं. एक तर बरोबर असणारच की!"

जोतीरामनं पेपर पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. अकरा वर्षं तो फौंड्रीत नव्या पोरांना एकच धडा घोकून घेत आला होता. गेज कायम दोन लागतात! एक मालात जायला पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. एकच लावलं तर ढिला माल पण पास होतो. ह्यावरून त्यानं पोरांना शिव्या घातल्या होत्या. आणि स्वतः शहाणा एकच करून बसला होता!

एकदा त्याच्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाला कळणार हाय? पण दारात संघप्रिया उभी होती, आपल्या नऊ चुका शोधत. त्याला स्वतःची लाज वाटली. पेपर काखेत मारून तो तसाच गुरुजींच्या घरी गेला आणि सगळं सांगून टाकलं.

गुरुजी रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "सतराचा पाढा, जोतीराम. मी सांगत होतो."

दुपारी एका दोस्ताच्या वर्कशॉपात दुसरं गेज तयार झालं. हे चुकीच्या गोलांचं, तीनशे भोकांचं. शाळा उघडून सगळे पेपर पुन्हा तपासले. आणखी सहा महाभाग सापडले, कुणी दोन गोल केलेले, कुणी तीन. संघप्रियानं परत आणून दिलेल्या पेपरावर पत्रा ठेवला तर भोकांतून बरोबर नऊ काळे दिसले. एक्क्याण्णव आणि नऊ, शंभर! पन्हाळ्याची जागा तिची झाली. गुरुजींनी तसं मीनाबाईंना कळवलं.

संध्याकाळी जोतीराम दोन्ही पत्रे घेऊन घरी आला. गुरुजींना सांगायला धीर झाला होता, वर्षाराणीला सांगायचं अजून बाकी होतं. आत ती पन्हाळ्यासाठी लाडू वळत होती. शिवानी उंबऱ्यातच बसलेली.

"पप्पा, परत तपासलं व्हय? आता माझं किती?"

खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"तीनशे," तो पुटपुटला.

"कितीपैकी?"

"तीनशेपैकीच."

"मम्मी!" शिवानी उडी मारून आत पळाली. "तीनशेपैकी तीनशे!"

"अगं बाई!" आतून वर्षाराणीचा आवाज आला. "अवो, ऐकलं का? केरबाला बोर्ड दुरुस्त करायला सांगा! आणि पेढे संपलेत, जिलबी घेऊन या!"

जोतीरामनं मुकाट्यानं चपला पायात सरकवल्या. कोपऱ्यावर जाऊन अर्धा किलो जिलबी घेतली, वाटेत केरबाचा बोर्ड उतरवून काखेत मारला आणि सरळ मीनाबाईंच्या दारात जाऊन पुडा संघप्रियाच्या हातात दिला.

घरी काय सांगायचं ते परत येताना सुचेल असं त्याला वाटलं होतं. रात्रीचे आठ वाजले, तो अजून बोळाच्या तोंडाशीच उभा आहे.