अन्नपूर्णेला चाळीसच्या पुढे थरथरी

वाहनचालक देवराव खोब्रागडे यांचा अर्ज जुलैच्या अकरा तारखेला सकाळी माझ्या टेबलावर आला. पुढे जे काही घडलं त्यात माझा दोष इतकाच, की मी तो वाचला. आरोग्य कार्यालयातल्या आवक-जावक लिपिकानं अर्ज वाचायचा नसतो. क्रमांक टाकून पुढे पाठवायचा असतो. पण त्या दिवशी लाइट गेलेले होते, पंखा बंद होता आणि हातात कागद हलवायला घेतला तर अक्षरं दिसायला लागली.

अर्ज असा होता: ‘अन्नपूर्णा चाळीसच्या पुढं गेली का तिले थरथरी सुटते. पयले पुढचे पाय हालते, मंग सारं अंग. तिसावर आणली का शांत होते. पोटुशा बाईच्या जीवाचं काम हाये. लवकर दाखवा जी.’

आता आमच्या गडचिरोली जिल्ह्यात, भर पावसाळ्यात, एका बाईला चाळीसच्या पुढे थरथरी सुटते असं कुणी लिहून दिलं तर शहाण्या माणसानं काय समजावं? मी लाल शाईनं ‘संशयित हिवताप, ताप चाळीस अंशांच्या वर, रुग्ण गर्भवती, तातडीचे’ असा शेरा मारला आणि अर्ज त्याच दिवशी हिवताप कक्षाकडे रवाना केला. इतक्या वर्षांच्या नोकरीत एखादा कागद आलेल्या दिवशीच पुढे जाण्याची ती पहिली वेळ होती. घरी जाऊन मी बायकोलाही सांगितलं.

अन्नपूर्णा ही बाई नसून जीप आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं, असं आता सगळे म्हणतात. पण आमच्या वनमाता वाहन योजनेत प्रत्येक गाडीला बाईचं नाव देण्याची कल्पना माझी नव्हती. नुसती गाडी म्हटलं की चालक ती आपटत नेतो आणि माता म्हटलं की जपतो, असा आमच्या साहेबांचा अभ्यास होता. जंगलातल्या गावांमधून अडलेल्या बायांना दवाखान्यात आणायचं, हे अन्नपूर्णेचं काम. मागच्या वर्षी साहेबांनी कुठल्याशा फोटोत उंच उचललेल्या जीपगाड्या पाहिल्या आणि आमचीही सहा इंच उचलून घेतली. कागदोपत्री कारण ‘नाल्यातून सुरक्षित मार्गक्रमण’ असं दिलं. उंच झाल्यावर पोटुशा बायांना तिच्यात चढता येईना, तेव्हा एक स्टूल मंजूर झालं. ते स्टूल साहेबांच्या केबिनमध्ये आहे, त्यावर पिण्याच्या पाण्याचा जार ठेवतात.

चौथ्या दिवशी हिवताप कक्षाकडून विचारणा आली: ‘रुग्णाचे “पुढचे पाय” याचा खुलासा व्हावा.’ मी देवरावला बोलावलं.

“पुढचे पाय म्हंजे चाकं जी बाबू,” तो म्हणाला. “गाडी हाये ते. माणूस नाई.”

“मग अर्जात गाडी असं का लिहिलं नाहीस?”

“साहेबानंच सांगतलं होतं ना, गाडी म्हनू नोका, अन्नपूर्णा म्हना. मागं मी गाडी लिवलं तं अर्ज वापस आला.”

मी त्याला घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. ते कधीच चिडत नाहीत, ही त्यांची ख्याती आहे.

“गैरसमज झालेला दिसतो,” ते म्हणाले. “पण केसला क्रमांक पडलाय. हिवतापाची केस रक्ताच्या रिपोर्टशिवाय बंद करता येत नाही.”

“रक्त कुठून आनू जी तिचं?” देवराव म्हणाला.

“तिच्या आत जे फिरतं, तेच तिचं रक्त. मला काय, नियमाला रिपोर्ट हवा आहे.”

त्याप्रमाणे आरोग्यसेवक पवन यांनी इंजिनातल्या ऑइलचा एक थेंब काचेवर घेतला, पसरवला, वाळवला आणि तपासणीला पाठवला. वय या रकान्यात त्यांनी नऊ वर्षं लिहिलं. वयाच्या मानानं गर्भवती असण्याबद्दल तिथून कुणी शंका काढली नाही. रिपोर्ट येईपर्यंत रुग्णाला विश्रांती द्यावी आणि मच्छरदाणीत ठेवावं, असा आदेश निघाला. दोन मच्छरदाण्या जोडून अन्नपूर्णेवर घातल्या, पण गाडी सहा इंच उंच असल्यानं चाकं बाहेर राहिली. पवन यांनी चाकांना ओडोमॉस लावल्याची नोंद केली.

तेव्हा नर्स संघप्रिया साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

“सर, हेटळकसाच्या दीपिकाची तारीख सव्वीस आहे. तिचं पहिलं मूल इथपर्यंत पोचलंच नव्हतं, वाटेतच गेलं. बासष्ट किलोमीटर आहे आणि आपल्याकडे दुसरी गाडी नाही. हिला दुरुस्त तरी करा, नाहीतर दुसरी तरी द्या.”

“सिस्टर, आजारी रुग्णाला कामाला जुंपायचं, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय का?”

“सर, गाडी आहे ती.”

“केस बंद झाली की गाडी. तोवर रुग्ण.”

संघप्रिया बाहेर आल्या आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या. “तुम्ही तरी काही करा ना, बाबू,” त्या म्हणाल्या. मी त्यांना अर्ज लिहून द्यायला सांगितलं.

देवरावनं मात्र अर्ज लिहिला नाही. तो धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या वारलू मिस्त्रीला घेऊन आला. वारलू मच्छरदाणीखालून आत शिरला, गाडीखाली पाव तास पडून राहिला आणि हात पुसत बाहेर आला.

“कोन्या येड्यानं उचलली बाप्पा हे?” तो म्हणाला. “गाडी वर घेतली, पन समोरचा आडवा दांडा जुनाच ठेवला. तो ओढून राह्यला तिले एका बाजूनं. त्याचं रबरी बुश खाऊन गेलं. चाळीस-पंचेचाळीसवर खड्डा लागला का दोन्ही चाकं नाचाले लागतीन, मंग स्टेअरिंग कोनाच्या बापाले आवरत नाई.”

“किती वेळचं काम?” देवरावनं विचारलं.

“दांडा एक पट्टी लावून खाली घ्याचा अन् बुश टाकाचं. दोन घंटे. आताच करतो.”

त्यानं पाना लावलाही होता. पण साहेबांनी खिडकीतून पाहिलं. उपचार चालू असलेल्या रुग्णावर नोंदणी नसलेल्या इसमानं इलाज करणं हा गंभीर प्रकार असल्यानं वारलू मिस्त्रीला त्याच संध्याकाळी बोगस डॉक्टर म्हणून नोटीस गेली. ती मीच टाइप केली. पदवीच्या जागी मी ‘नाही’ लिहिलं. नोटीस हातात पडल्यावर वारलू पाने गोळा करून निघून गेला, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मिस्त्रीनं अन्नपूर्णेला हात लावायला नकार दिला.

पंचवीस तारखेला रिपोर्ट आला. ‘हिवतापाचे जंतू आढळले नाहीत. नमुना फार काळा आहे. रुग्णास भरपूर पाणी पाजावे.’ साहेबांना मनापासून आनंद झाला. त्यांनी अन्नपूर्णेला रोगमुक्त जाहीर केलं, मच्छरदाणी काढताना फोटो काढून घेतला आणि खाली आदेश दिला: ‘सदर वाहन पूर्णतः निरोगी असून यापुढे चाळीसच्या आत चालवल्यास तो कामातील हलगर्जीपणा समजण्यात येईल.’

“साहेब, आजार तं तसाच हाये तिचा,” देवराव म्हणाला.

“रिपोर्ट वाचता येतो ना तुम्हाला?”

सव्वीसला सकाळी सातलाच हेटळकसाहून दीपिकाच्या सासूचा, बायनाबाईचा, फोन आला. देवराव आणि संघप्रिया लगेच निघाले. तिथं दीपिकाला गाडीत चढता येईना. देवराव चिखलात ओणवा झाला आणि म्हणाला, “पाय ठेव बाई माह्या पाठीवर. लाजू नोको.” बायनाबाईनं सुनेला वर चढवलं आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. हे मला संघप्रियांनी नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

देवरावनं गाडी अडतीसवर धरली. वाटेत त्याला कार्यालयातून दोनदा फोन गेला, कारण आमच्या पडद्यावर गाडीचा वेग दिसतो. पहिला फोन मीच केला होता. मला तसं सांगण्यात आलं होतं. अर्धा रस्ता संपला तेव्हा दीपिकाच्या अंगावरून रक्त जायला लागलं.

“देवरावभाऊ, आता हाणा,” संघप्रिया म्हणाल्या. “रक्त थांबत नाहीये.”

“सिस्टर, नाचन ते.”

“अशीच राहिली तर ही जाईल.”

“हान बापा,” बायनाबाई म्हणाली. “माही सून घेऊन जा.”

त्यानं हाणली. बेचाळीस, पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस. रस्त्यावर खड्डा होता, तिथं तो नेहमीच असतो. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे पिसाटासारखी फडफडायला लागली. स्टेअरिंगनं देवरावचं मनगट मोडलं, दीपिका बाकावरून खाली फेकली गेली आणि तशीच ओरडत राहिली. मोडक्या हातानं देवरावनं गाडी कशीबशी कडेला उभी केली. मूल तिथंच झालं. मुलगी होती. संघप्रियांनी तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडानं श्वास दिला, पण ती रडली नाही. उरलेला रस्ता त्यांनी तिसाच्या वेगानं कापला आणि दीपिका वाचली. मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

देवराव निलंबित आहे. निरोगी वाहनाचं नुकसान केल्याचा ठपका त्याच्यावर आहे.

त्या दिवशी चाकं नाचत होती त्याच वेळी समोरून नागपूरच्या हौशी मंडळींच्या पाच-सहा जीपगाड्या येत होत्या. सगळ्या उचललेल्या, सगळ्यांवर चिखल मुद्दाम ठेवलेला. पावसाळ्यातलं जंगल बघायला निघाले होते. समोर चाकं नाचवत येणारी जीप दिसल्यावर त्यांनी मोबाइल काढले. आत कोण आहे ते त्यांना दिसलं नाही, गाडी उंच होती. शूटिंग झाल्यावर ते पुढे निघून गेले आणि दुपारी जेवताना त्यांनी त्यावर लावणीचं गाणं चढवलं.

तेवीस सेकंदांची क्लिप आहे. तुम्हालाही आली असणार. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात ती ज्याला आली नाही असा माणूस मला भेटलेला नाही. तुम्ही ती दोनदा पाहिलीत, हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकलात आणि घरच्या ग्रुपवर पाठवलीत. अकराव्या सेकंदाला गाण्याच्या मागून एक लांब, चिरका आवाज येतो. तो ऐकून खाली एकानं विचारलं होतं, ‘भाऊ, हॉर्न कोणता लावला?’ आणि तुमच्यापैकीच कुणीतरी लगेच उत्तर दिलं, ‘नागपुरात मिळतो, पत्ता पाठवतो.’