हात बांधणारा मास्तर

सुमती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं घाटकोपरच्या आमच्या खोलीत वाल सोलत बसलो होतो, आणि तिघांचाही एकेक हात बांधलेला होता. सुमती म्हणजे माझी बायको, दुसरा मी आणि तिसरा पाध्ये मास्तर. सुमतीने त्या दिवशी लुळ्या उजव्या हाताने नऊ वाल अख्खे सोलले. मास्तरचे डाव्या हाताने चार झाले. माझे विचारू नका. मी आयुष्यभर गिरणीत माग चालवले, वाल नाही सोलले.

हात बांधायचं खूळ मास्तरचं. खरं तर तो मास्तर नव्हे, इस्पितळात व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट. पण दामटून शिकवायचा, म्हणून सुमतीने नाव पाडलं आणि चाळीने उचललं. चाळिशीचा, अंगाने काडी. शर्टाचं एक बटण कायम उघडं, कारण डाव्या हाताने ते लागत नसे. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, आणि तो हात चांगला धडधाकट. बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे.

"बसा हो, मला काही झालेलं नाही."

"मग बांधलाय कशाला?"

"अभ्यास चाललाय."

उठलेला माणूस पुन्हा बसायचा.

सुमतीला झटका आला संपानंतरच्या वर्षी. गिरणी सुटलेली, मी घरीच. तिची उजवी बाजू गेली. जीभ दोन दिवस अडखळली, मग होती तशी धारदार. सगळे म्हणाले, आता डाव्या हाताने जेवायला शिका, उजव्याचं सोडा. एकटा पाध्ये म्हणाला, "हात मेलेला नाही, रुसलाय. डावा सगळं करतो म्हणून उजवा बसून खातो. डाव्याला बांधा." परदेशात कुणीतरी माकडांवर करून बघितलं होतं म्हणे. चांगला हात बांधला की निकामी हात कामाला लागतो. याला ते माणसांत बघायचं होतं. याचे साहेब हसले. म्हणून हा ड्युटी संपली की लोकांच्या घरी जाऊन बघायचा.

"म्हणजे मी माकड?" सुमतीने विचारलं.

"नाही काकी. माकडं एवढी कुरकुर करत नाहीत."

तिथून त्यांचं जमलं.

स्वतःचा हात का बांधतोस रे, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "दुसऱ्याला सोसायला लावायचं तर आपल्याला किती सोसतं ते कळायला नको?" आणि डाव्या हाताने वहीत असं काही खरडलं की दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच वाचता येईना.

पहिल्या दिवशी मला म्हणाला, काकीचा डावा हात पंच्याने बांधा, दोन तासांनी सोडा. मी बांधला. पण माझे हात गिरणीतले. तुटला धागा जोडायला आम्ही जी गाठ मारायचो तीच मारली गेली. ती ओढाल तेवढी घट्ट होते. दोन तास झाले, सुटेना. मास्तरने दात लावले, तरी सुटेना. मी कात्री मागायला शेजारी गेलो, तोवर इकडे सुमती पेटली. "हात सोड रे माझो, मेल्या, नायतर पायान लाथ घालीन." आणि बोलता बोलता तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गाठीवर गेली. गेली ती धरूनच बसली. सहा महिने त्या बोटांनी काही धरलं नव्हतं.

मी कात्री घेऊन आलो तर मास्तर जमिनीवर बसून हसतोय, डोळ्यांतून पाणी.

"कात्री नको काका. राहू दे तशीच."

"हसतस काय, सोड आदी," सुमती म्हणाली.

मग एकदा मी तिच्या माहेरावरून बोललो. तिने उजवाच हात उगारला, डावा बांधलेला ना. गालापर्यंत पोचला नाही, खांद्याला लागला. मास्तरने खिशातून शिंप्याची टेप काढली. "तिथेच थांबा काकी." जमिनीपासून मोजलं. मग मला हळूच म्हणतो, "काका, माहेराबद्दल आणखी काही बोला ना."

तेव्हापासून तिला चिडवायची ड्युटी माझी. महिन्याभरात हात खांद्यावरून कानापर्यंत चढला. एवढा माझा गाल झिजला, पण अभ्यासात नाव त्याचंच लागणार.

आठ वाजले की तो उठायचा. सुमती म्हणायची, जेवून जा. "नको, घरी वाट बघतात."

"कोण रे?"

"वह्या."

मग ती त्याचं ताट वाढायची आणि तो बसायचा.

वाल सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे सुमतीला पुन्हा झटका आला आणि ती गेली. रविवार होता. रविवारी मास्तर सकाळीच यायचा. आला आणि दारातल्या चपला बघून उंबऱ्यावरच थांबला.

सवाष्ण गेली म्हणून बायका तिला हिरवा चुडा भरत होत्या. डावा हात भरून झाला. उजव्याची मूठ घट्ट वळलेली, बांगडी जाईना. शेजारच्या तावडेबाई म्हणाल्या, "राहू दे, एकाच हातात भरू." मीही बरं म्हणणार होतो.

"दोन्ही हातांत भरा," मास्तर म्हणाला.

झोळी काढून तो तिच्याजवळ येऊन बसला. परका पुरुष, बायकांना आवडलं नाही. मी म्हटलं, बसू द्या. त्याने तिचं मनगट चोळलं, मग करंगळीपासून एकेक बोट उघडत गेला. रोज करायचा तसंच, सावकाश. फक्त दुखलं तर सांगा, एवढं म्हणाला नाही.

"आईची मूठ अशीच राहिली होती," माझ्याकडे न बघता बोलला. "तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं."

तिचा अंगठा तळव्यात दुमडला आणि त्याने एकेक बांगडी चढवली. एकही फुटली नाही. पण मग हात सोडेना. लोक खोळंबले, कुणीतरी विचारलं, हा कोण. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ. खांदा द्यायचाय."

तो उठला.