बकाराम गुरुजींचं घरचं वाक्य

केशोरावच्या सरणाला अग्नी दिला, लोक नदीकाठी शोकसभेला दाटीवाटीने बसले आणि बकाराम गुरुजी हळूच मागच्या रांगेत सरकले. देवरीकडच्या त्या गावात मयत कुणाचंही असो, मातीला शेवटचं भाषण गुरुजींचंच. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रीसचे तत्त्वज्ञ असे काही पाठ केले होते, की मेलं कोण हेच लोक विसरत आणि ग्रीस कुठे आलं, असं विचारत घरी जात.

एकटा केशोराव ऐकून घेत नसे. लंगोटीयारच तो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता म्हणायचा, "बक्या, माह्या मातीले तरी तुह्या घरचं बोलजो. उसनं नोको आणू."

गुरुजींनी हसत हसत शब्द दिला होता. आता तो अंगाशी आला. सकाळपासून डोकं खाजवलं, पण घरचं एक वाक्य सुचेल तर शपथ! शेवटी त्यांनी ठरवलं, ग्रीकांचंच काहीतरी नाव न घेता ठोकून द्यायचं. केशोराव थोडाच उठून विचारणार होता?

सरपंच लीलाधर उभे राहिले. "बंधूंनो, आपण आहो तवरी मरण नाही, अन् मरण येते तवा आपण नाही."

गुरुजी चपापले. हे त्यांनीच लीलाधरच्या बापाच्या मातीला म्हटलं होतं.

मग गोंदियाचे राइसमिलवाले दुर्गाप्रसाद उठले. "देखो भाई, कोणताच आदमी एकच नदीत दोन बार उतरत नाही."

"मंग आता आंघोळ कशी करावाची जी?" मागून कुणीतरी खरोखरच्या काळजीने विचारलं. प्रेत घेऊन येताना सगळेच गुडघाभर पाण्यातून आले होते.

त्यावर केशोरावचा पुतण्या वीरेंद्र उठला. "गुरुजी नेहमी सांगतेत, न तपासलेलं जगणं जगण्यालायक नाही. काकाजीनं बीपी तपासला असता तं आज ही पाळी नसती आली!"

लोकांनी माना डोलावल्या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. अरे देवा, इतकी वर्षं आपण शिकवलं तरी काय?

"आता गुरुजी," लीलाधर म्हणाले.

गुरुजी उठले. जवळ उसनं होतं नव्हतं ते सगळं या तिघांनी संपवलं होतं. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला, तर हाताला खर्र्याची पुडी लागली. सकाळी पानठेल्यावर सवयीने घेतलेली, दोघांसाठी. केशोराव गेल्याचं ठाऊक असूनही घेतलेली. ती पाहिली आणि म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

"काय बोलू गा? जन्मभर बोलतच राहिलो. आता हा समोर जळून राहिला, अन् मले एवढंच कळते का मले काहीच कळत नाही."

ते मटकन खाली बसले. दुर्गाप्रसादसुद्धा डोळे पुसत होते.

आंघोळीला निघताना लीलाधरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, आज पहिल्यांदा घरचं बोलले तुम्ही. नाही तं कायम तो सॉक्रेटिस!"

गुरुजी जागीच थबकले. वाक्य कुणाचं, ते आत्ता त्यांच्या ध्यानात आलं. सॉक्रेटिसचंच! दर शिक्षकदिनी घसा ताणून सांगितलेलं, आणि कळलं मात्र आज. खरं काय ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण लीलाधरकडे न पाहता ते सरणाकडे वळले.

"केश्या, माहंच समज गा," ते पुटपुटले, आणि त्याच नदीत दुसऱ्यांदा उतरले.