नऊ फुटी वहिवाट

मानवी संस्कृतीची उंची दोन घरांमधल्या रस्त्याच्या रुंदीवरून मोजावी, असे जाणकारांचे मत आहे. (जाणकार म्हणजे मी. माझी खिडकी त्याच रस्त्यावर उघडते.)

आमच्या शेजारचा सामायिक रस्ता नऊ फूट रुंद आहे. डावीकडे टेलर राहतात, उजवीकडे घड्याळवाले. दोघांच्या गाड्या मागच्या अंगणात असतात आणि ये-जा याच रस्त्याने होते. गेल्या वर्षी त्याची एकोणतीस वेळा मोजणी झाली. टेलरांची टेप घड्याळवाल्यांनी अमान्य केली, कारण ती पक्षकाराच्या गळ्यातली होती. अखेर वकिलांनी लेखी सल्ला दिला: 'वहिवाटीच्या रस्त्यावर जो गाडी मागे घेईल किंवा सोडून जाईल, त्याने हक्क सोडला असे समजावे.' वकील दोघांचे एकच असल्याने सल्ल्यात कुठेही विसंगती नव्हती.

परवा सकाळी अकराला घड्याळवाल्यांच्या मुलीचे लग्न होते. दहाला ते तिला घेऊन गाडीने निघाले; पोशाख वाटेत टेलरांच्या दुकानातून घ्यायचा होता. त्याच वेळी टेलर दुकानातून परतत होते. त्यांच्या मागच्या सीटवर तिचाच लग्नाचा पोशाख होता. (भांडण रस्त्याचे होते, शिलाईचे नव्हते.) मधोमध दोन्ही गाड्या समोरासमोर ठाकल्या.

साडेदहा झाले. घड्याळवाले दर मिनिटाला वेळ जाहीर करत होते, आणि ती अचूक होती.

"बाबा, घ्या ना मागे," मुलगी म्हणाली.

"घेतो की. त्यांनी घेतली की लगेच."

ती उतरून टेलरांकडे गेली. "काका, तुम्ही तरी?"

"पोरी, तुझ्यासाठी जीव देईन. रस्ता तेवढा मागू नकोस."

तिने पोशाख उचलला, टेलरकाकूंकडे जाऊन घातला आणि काकूंचा हात धरून चालत लग्नाला गेली. दोघे हक्क राखत गाडीतच बसून राहिले.

"बाही नीट बसली का हो?" टेलरांनी खिडकीतून विचारले.

"बसली. फार छान दिसत होती," घड्याळवाले म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले. मलाही वाईट वाटले, पण मी खिडकी सोडली नाही.

बरोबर अकराला दोघांनी एकदम हॉर्न वाजवले. वर्षभरातले हे पहिले एकमत.

तुम्ही म्हणाल, काय हटवादी माणसे, दोन हात मागे सरकायला यांचे काय जात होते? अगदी बरोबर. तुमचे शेजारीही तुमच्याबद्दल नेमके हेच म्हणतात. मी विचारून आलो आहे.